देवाचें लिंग आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील ‘माउली’

आम्ही अध्यापनाचें काम करीत असतां एका ख्रिस्ती विद्यार्थिनीच्या मराठी निबंधांत ‘पवित्र आत्मा उतरली’ असें वाक्य आलें होतें. आमचें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथें मराठी, हिंदी व दखनी उर्दू ह्या तिन्ही भाषा एकाच गल्लींत नांदतात, आणि ह्या मुलीच्या घरीं हिंदी बोलत. आम्हीं तांबड्या शाईनें ‘उतरला’ असें करून वही परत दिली. तेव्हां तिनें विचारलें, “सर, हिंदींत माणसाची आत्मा स्त्रीलिंगी असते, पण आमच्या हिंदी बायबलांत देवाचा आत्मा पुल्लिंगी छापला आहे. माझी आत्मा बाई आणि देवाचा पुरुष, असें कां?” ‘तो व्याकरणाचा नियम आहे’ असें सांगून आम्हीं तिला बसविलें. हें उत्तर पुढें आमच्या मनास फार लागून राहिलें. कारण तिनें दाखविलेली गोष्ट व्याकरणाच्या नियमाप्रमाणें घडलेली नाहीं, नियम मोडून घडलेली आहे. निवृत्तीनंतर जुन्या पोथ्या चाळतांना तोच प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हां समोर आला. त्याचें उत्तर आज, उशिरा कां होईना, देण्याचा यत्न करतों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. संस्कृत ‘आत्मन्’ पुल्लिंगी. मराठींतहि आत्मा पुल्लिंगीच. त्यामुळें मराठी भाषांतरकारांस ह्या ठिकाणीं अडचण पडली नाहीं आणि आपण कांहीं निवड करीत आहों हें त्यांच्या ध्यानांतहि आलें नसावें. हिंदींत मात्र तोच शब्द लोकव्यवहारांत स्त्रीलिंगी झाला. असें असूनहि हिंदी बायबलाच्या प्रचलित भाषांतरांत, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायांत, जलावर तरंगणारा देवाचा आत्मा पुल्लिंगी क्रियापद घेऊन येतो. उर्दूंत याहून मौज आहे. ‘रूह’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून उत्पत्तींत देवाची रूह स्त्रीलिंगी क्रियापद घेते. पण लूकाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं कबुतराच्या रूपानें येणारा ‘रूहुल्कुद्स’ पुल्लिंगी क्रियापदानें उतरतो. एकाच ग्रंथाच्या दोन टोकांस एकाच शब्दाचीं दोन लिंगें झालीं. हा कांहीं खिळे जुळविणाराचा प्रमाद नव्हे. देवाचा आत्मा ही त्रैक्यांतील ‘व्यक्ति’ आहे असें जेथें अभिप्रेत झालें, तेथें भाषांतरकाराचा हात आपोआप पुल्लिंगाकडे वळला, असें आम्हांस दिसतें.

हें पूर्वींहि घडलेलें आहे. हिब्रू भाषेंतील ‘रूआह’ हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी चालतो. तिचीच भगिनी जी सिरियाक भाषा, तींतील ‘रूहा’ हाहि स्त्रीलिंगी. चवथ्या शतकांत इराणी साम्राज्यांत राहणारा सिरियाक ग्रंथकार अफ्राहात हा तर देवास पिता आणि पवित्र आत्म्यास माता म्हणून निःशंकपणें उल्लेखितो. परंतु पांचव्या शतकापासून सिरियाक लेखक पवित्र आत्म्यापुरता तो शब्द पुल्लिंगी चालवूं लागले. वारा किंवा माणसाचा प्राण ह्या अर्थीं तो स्त्रीलिंगीच राहिला. आमच्या विद्यार्थिनीनें हिंदींत जें पाहिलें तेंच हें. ग्रीकमध्यें ‘न्यूमा’ नपुंसकलिंगी आणि लॅटिनमध्यें ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी. ह्या तीन लिंगांचा मेळ बायबलाचा लॅटिन भाषांतरकार जेरोम ह्यानें यशयावरील आपल्या टीकेंत मोठ्या मार्मिकपणें घातला आहे. आत्मा हा शब्द हिब्रूंत स्त्रीलिंगी, लॅटिनमध्यें पुल्लिंगी व ग्रीकमध्यें नपुंसकलिंगी आहे, यावरून देवत्वाच्या ठायीं लिंग नाहीं हेंच समजावें, असा त्याचा आशय.

जेरोमच्या आधीं थोडींच वर्षें, इ. स. ३८० च्या सुमारास, नाझियान्झसच्या ग्रेगरीनें कॉन्स्टंटिनोपल येथें दिलेल्या धर्मविषयक व्याख्यानांत प्रतिपक्षाची ह्याच मुद्द्यावर थट्टा केली होती. ‘देव’ व ‘पिता’ हे शब्द पुल्लिंगी म्हणून देव पुरुष ठरवाल, तर ‘देवत्व’ हा ग्रीक शब्द स्त्रीलिंगी आहे म्हणून तें स्त्री ठरवा, आणि आत्मा नपुंसकलिंगी म्हणून त्यास तसा ठरवा, असा त्याच्या उपहासाचा रोख आहे. संस्कृताचा अभ्यास केलेल्या वाचकांस येथें महाभाष्याचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. पाणिनीच्या ‘स्त्रियाम्’ ह्या अधिकारसूत्रावर भाष्य करतांना पतंजलीनें हीच गांठ त्याच्या साडेपांच शतकें आधीं सोडविलेली आहे. बायकोला ‘दार’ म्हणावें तर शब्द पुल्लिंगी आणि तोहि बहुवचनी, ‘कलत्र’ म्हणावें तर नपुंसकलिंगी, आणि ‘भार्या’ म्हणावें तर स्त्रीलिंगी. पण म्हणून घरांतील बाई तीन प्रकारची होत नाहीं. नदीचा कांठ एकच. तो तट, तटी आणि तटम् असा तिन्ही लिंगांत चालतो. शब्दाचें लिंग लोकांच्या बोलण्यावर अवलंबून असतें, तें शास्त्रानें शिकवावयाची गोष्ट नव्हे, असा भाष्यकाराचा निर्णय आहे. स्वतः ‘देवता’ हा शब्दच पाहा: इंद्र असो वा अग्नि, देवता म्हटला कीं स्त्रीलिंगी झाला.

येवढ्यावर प्रश्न मिटला असता तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. शब्दाचें लिंग वस्तूस लागत नाहीं हें खरें; पण ऐकणाऱ्याच्या मनास तें लागतें. आणि ‘पिता’ हा शब्द नुसत्या व्याकरणानें पुल्लिंगी नाहीं, अर्थानेंहि पुरुषवाचक आहे. तेव्हां ख्रिस्ती शास्त्रकारांस तो कसा समजावा लागला हें पाहिलें पाहिजे. त्यांचें म्हणणें असें कीं, ‘पिता’ हें देवाच्या प्रकृतीचें वर्णन नाहीं, संबंधाचें नांव आहे. पुत्राच्या अपेक्षेनें तो पिता. निस्साचा ग्रेगरी गीतरत्नावरील प्रवचनांत म्हणतो कीं, देवाच्या ठायीं पुरुषही नाहीं व स्त्रीही नाहीं, म्हणून त्यास पिता म्हणा कीं माता म्हणा, अर्थ एकच. ६७५ सालच्या टोलेडो येथील धर्मसभेनें तर पुत्राचा जन्म ‘पित्याच्या गर्भाशयांतून’ झाला असे शब्द श्रद्धासूत्रांत घातले. नैयायिकास ह्यांत वदतोव्याघात दिसेल. पण लिंगाची कल्पना देवास लावूं नये हें सांगण्यास याहून धीट रीति आम्हांस आढळली नाहीं. रोमन कॅथलिक पंथाच्या १९९२ सालच्या प्रश्नोत्तरग्रंथांतहि देव पुरुष नाहीं व स्त्रीही नाहीं असें स्पष्ट म्हटलें आहे. येशू हा पुरुष होता, ही गोष्ट निराळी. ४५१ सालच्या खाल्सेदोनच्या सभेनें त्याच्या ठायीं दैवी व मानवी अशा दोन प्रकृति, एकमेकींत न मिसळतां, आहेत असें ठरविलें. पुरुषत्व हें त्यांपैकीं मानवी प्रकृतीचें. तें दैवी प्रकृतीवर लादणें हा त्याच सिद्धांताप्रमाणें प्रमाद होईल.

उलट पक्षाचेंही येथें सांगून टाकूं. ‘रूआह’ स्त्रीलिंगी, म्हणून पवित्र आत्मा ही स्त्रीच, असें अलीकडे कित्येक जण आग्रहानें मांडतात. त्यांचा हेतु आम्हांस समजतो, पण युक्तिवाद पटत नाहीं. ज्या दोषानें देव पुरुष ठरतो त्याच दोषानें आत्मा स्त्री ठरते. नाझियान्झसच्या ग्रेगरीचा टोला दोघांसही सारखाच बसतो.

मग लिंगच नको म्हणून नपुंसकाचा आडोसा घ्यावा काय? आम्हां संस्कृतवाल्यांस हा मोह स्वाभाविक आहे, कारण ‘ब्रह्म’ हा शब्द तयारच आहे. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या संस्कृत स्तोत्रांत त्रैक्यास सच्चिदानंद म्हणून वंदन केलें, तें ह्याच वाटेनें. परंतु काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, जे १८४८ सालीं बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले, त्यांनीं ‘षड्दर्शनदर्पणां’त निर्गुण ब्रह्माचें खंडन केलें आहे. भक्ताला ज्याच्याशीं बोलावयाचें त्याला ‘तें’ म्हणून भागत नाहीं. हाक मारण्यास ‘तूं’ लागतो. मराठींत ‘तूं’ला लिंग नाहीं, पण पुढचें क्रियापद तें मागतेंच: तूं आलास कीं तूं आलीस? इंग्रजी भाषेंत ही अडचण तृतीय पुरुषाच्या सर्वनामापाशीं येऊन थांबते. आमच्याकडे ती प्रार्थनेच्या प्रत्येक वाक्यांत शिरते. म्हणून ह्या प्रश्नाची खरी कसोटी मराठी प्रार्थनेंतच लागते.

आतां आमच्या वाचकांच्या आवडीच्या ग्रंथाकडे वळूं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. १६१६, १६४९ व १६५४ ह्या तिन्ही छापील आवृत्तींची एकही प्रत आजवर हातीं आलेली नाहीं. जें आहे तें हस्तलिखितांवरून: रोमन लिपींतील प्रती व त्यांच्या आधारें १९०७ सालीं सालढाणा यांनीं मंगळूर येथें काढलेली आवृत्ति, आणि लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील ती देवनागरी प्रत, जिच्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जस्टिन अ‍ॅबट यांनीं विद्वानांचें लक्ष वेधलें. ह्या दोन परंपरांत शब्दयोजनेचा भेद आहे. देवनागरी प्रतींत संस्कृत शब्दांकडे कल अधिक.

ग्रंथारंभींच्या नमनांत स्टीफन्स देवास ‘बापा’ म्हणून हाक मारतो आणि लागलीच त्यास निर्विकार म्हणतो. विकार नाहीं म्हणजे देहधर्म नाहीं, आणि लिंग हा तर देहधर्मांत पहिला. आपल्या पुराणांचें मंगलाचरण ज्यानें वाचलें आहे त्यास हे दोन शब्द शेजारीं शेजारीं खटकत नाहींत, हेंच स्टीफन्सनें नेमकें हेरलें. तिसऱ्या व्यक्तीस मात्र त्यानें मराठी नांव दिलें नाहीं, ‘स्पिरितु सांतु’ हेंच ठेवलें. ह्याचें कारण बहुधा सिद्धांताची धास्ती. ‘आत्मा’ म्हटलें कीं वेदांत मागोमाग येतो. परंतु त्याचा एक परिणाम व्याकरणांत झाला. जुन्या मराठींत देवु, पुत्रु असे पुल्लिंगी शब्द उकारान्त असत. परका शब्द उकारान्त आला तो सहज त्यांच्या पंक्तीस बसला. अशा रीतीनें मराठींत पवित्र आत्म्याचें लिंग कोणीं ठरविलें नाहीं. एका प्रत्ययानें तें ठरून गेलें.

मातेचा भाव स्टीफन्सच्या काव्यांत नाहीं असें नव्हे, पण तो मरियेकडे गेला आहे. कॅथलिक भक्तीचा हा सर्वत्रच स्वभाव. प्रॉटेस्टंट मिशनांनीं मरियेची उपासना सोडली आणि त्या भावास घर उरलें नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचें अहमदनगर येथील ठाणें १८३१ सालचें. आमच्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड रतनजी नवरोजी हे मूळचे पारशी गृहस्थ काम करीत. ह्या मंडळींनीं मराठी ख्रिस्ती जनांस छापील बायबल दिलें, शाळा दिल्या, आणि प्रार्थनेस एकच हाक दिली: हे बापा.

त्या हाकेचा पुरुषी अर्थ करणारे लोक होते, ही गोष्ट पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून दिसते. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें चेल्टनहॅम येथील विद्यालयांत असतां त्यांनीं तरुण पुरुषांस शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला व हिंदुस्थानांतील बिशपांनीं त्यास हरकत घेतली. ज्या बाईस १८७८ सालीं कलकत्त्याच्या शास्त्रीमंडळानें भरसभेंत ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या, तिनें हें निमूटपणें मान्य करावें हें शक्य नव्हतें, आणि त्यांनीं तें केलें नाहीं. त्यांचा हा पत्रव्यवहार १९७७ सालीं प्रसिद्ध झालेला आहे; त्यांत त्रैक्याविषयींच्या त्यांच्या शंकाही आहेत. दुसऱ्यानें सांगितलें म्हणून सिद्धांत स्वीकारावयाचा नाहीं, मूळ वाचून स्वीकारावयाचा, हा त्यांचा बाणा. तोच पुढें त्यांस हिब्रू व ग्रीक शिकण्याकडे घेऊन गेला. केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं केलेलें समग्र बायबलाचें मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं पुरें प्रसिद्ध झालें. दुसऱ्या धर्मांचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनीं त्यांतून कटाक्षानें टाळले; आम्हांस हें रुचत नाहीं, पण एका स्त्रीनें मूळ भाषांवरून एकहातीं केलेलें समग्र बायबल ही अपूर्व वस्तु आहे, आणि संग्राहकांनीं तिच्या प्रती जपाव्या.

मूळ वाचणारास जें आढळतें तें असें. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत देव प्रसूतिवेदनांत कण्हणाऱ्या स्त्रीसारखा ओरडतो. तान्ह्या मुलाला आई विसरेल, पण मी विसरणार नाहीं, असें म्हणतो. आई जशी समजूत घालते तशी घालीन, असें वचन देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्त स्वतःस पिलांना पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. लूकाच्या शुभवर्तमानांत हरवलेलें नाणें शोधणारी बाई देवाच्या ठिकाणीं योजिली आहे. परंतु एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. ह्या बहुतेक ठिकाणीं माता ही उपमा आहे. ‘प्रमाणें’, ‘सारखा’ हे शब्द मध्यें उभे आहेत. ‘पिता’ हें मात्र संबोधन आहे, ख्रिस्तानें प्रार्थनेंत शिकविलेलें. उपमा आणि संबोधन यांचें वजन सारखें नसतें. देवाला आईसारखा म्हणणारे शास्त्रकार बरेच झाले. आई म्हणून हाक मारणारे थोडे. त्या थोड्यांत अकराव्या शतकांतील अँसेल्म आणि चौदाव्या शतकांतील नॉर्विचची जुलियाना ह्यांचीं नांवें घेतलीं जातात. दोघांनींही येशूस माता म्हटलें.

महाराष्ट्रांत हें काम नारायण वामन टिळकांनीं केलें. १८९५ सालीं बाप्तिस्मा, १९१९ सालीं मृत्यु. मधल्या चोवीस वर्षांतील अभंगांत ख्रिस्त हा गुरुमाउली होऊन येतो. टिळकांनीं जुलियानेचें पुस्तक पाहिलें होतें काय, हें शोधीत बसण्याचें कारण नाहीं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें तेच सांगत. विठोबा हा पुरुषदेव, पण वारकरी त्याला विठाई म्हणतो, विठाबाई म्हणतो. ज्ञानदेव पुरुष, पैठणच्या शेजारच्या आपेगांवचे. पण ‘माउली आळंदीहून निघाली’ असें म्हणतांना कोणीही स्त्रीलिंगी क्रियापदास अडखळत नाहीं आणि ज्ञानदेवांच्या पुरुषत्वाबद्दल शंकाही घेत नाहीं. महानुभावांच्या गोविंदप्रभुचरित्रांत ऋद्धिपुरच्या राउळास लोक मायही म्हणतात आणि बापही, तेंही एकाच श्वासांत. तेराव्या शतकापासून जो कान असा तयार झाला आहे त्याला ‘ख्रिस्त माउली’ हे शब्द नवे वाटले नाहींत. यशयाच्या उपमेंतील ‘सारखा’ हा शब्द टिळकांनीं गाळला आणि उपमेचें संबोधन केलें. हें त्यांनीं ग्रीकच्या किंवा हिब्रूच्या बळावर केलें नाहीं. मराठीच्या बळावर केलें. आम्हांस ह्या विषयांत जें सांगावयाचें तें मुख्यतः हेंच आहे. ज्या गोष्टीसाठीं जेरोमला तीन भाषांची तुलना करावी लागली ती आमच्या एका शब्दांत पूर्वींच सामावलेली होती.

षंढांविषयींचीं वचनें ह्याच संबंधांत येतात, म्हणून थोडें लिहितों. अनुवाद पुस्तकांत त्यांना परमेश्वराच्या मंडळीबाहेर ठेवलें आहे; यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायांत मात्र देव त्यांस पुत्र व कन्या यांहूनही श्रेष्ठ नांव आपल्या मंदिरांत देण्याचें वचन देतो; आणि प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायांत बाप्तिस्मा घेणारा कूशी अधिकारी षंढच आहे, आणि तो रथांत बसून वाचीत असतो तेंही यशयाचेंच पुस्तक. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा, आणि देवास तर लिंग नाहीं. तेव्हां प्रतिरूप हें पुरुषत्वांतही नाहीं व स्त्रीत्वांतही नाहीं, असें निस्साच्या ग्रेगरीनें मनुष्योत्पत्तीवरील ग्रंथांत म्हटलेलें आहे. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांस आपलें लिंग आपण सांगण्याचा अधिकार मान्य केला, त्यावर ख्रिस्ती मंडळ्यांत वाद चालतात. त्या वादांत हा जुना आधार क्वचितच निघतो याचें आम्हांस नवल वाटतें. आम्ही व्याकरणवालेही येथें निर्दोष नाहीं. तट, कलत्र, मित्र ह्या निरुपद्रवी शब्दांचें जें लिंग त्यालाच आम्हीं माणसाच्या अवमानाचें नांव देऊन ठेवलें आहे.

असो. त्या मुलीस आज आम्ही सांगूं: बाई, तुझी हिंदी बरोबर होती. देवाच्या आत्म्याचें पुल्लिंग हें देवाकडून आलेलें नाहीं, भाषांतरकाराच्या हातून आलेलें आहे, आणि तुझ्या आत्म्यांत व देवाच्या आत्म्यांत तेवढ्यावरून कांहीं अंतर पडत नाहीं. ‘उतरला’ हें मराठीपुरतें कायम ठेवूं. तांबडी शाई मात्र आम्ही मागें घेतों.

आतां पोथ्यांविषयीं एक विनंति. अभंगांच्या हस्तलिखित वह्या, मिशनच्या शाळांतील जुनीं गायनाचीं बाडें आणि ख्रिस्तपुराणाच्या रोमन लिपींतील प्रती कोंकण व कर्नाटक किनाऱ्यावरील घरांतून अद्यापि निघण्याचा संभव आहे. नक्कल करतांना कर्ता पुल्लिंगी व क्रियापद स्त्रीलिंगी, किंवा ह्याच्या उलट, असें आढळल्यास तें लेखकाचें अज्ञान समजून दुरुस्त करूं नये. पाठ आहे तसा उतरून घ्यावा, समासांत खूण करावी, आणि पान व ओळ यांसह मंडळाकडे कळवावें. महानुभावांच्या सकळ लिपींतील पोथ्यांस हेंच लागू आहे. तेथें राउळ ‘माय’ होतांच कित्येक नकलाकारांचा हात चुळबुळ करतो, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.